चंद्रव्वा आधी जेवली

महादेवप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर ड्रायव्हर-कंडक्टरांवर ओरडून ओरडून निवृत्त झाले आणि मग ओरडायला घरात एकटी बायको, चंद्रव्वा, उरली. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात आमची दारं समोरासमोर. एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात. त्यांच्याकडे रोज वाजायची.

महादेवप्पांचा मधुमेह जुना. इन्सुलिन चंद्रव्वाच टोचायची. पूर्वी साखर उतरली की त्यांना दरदरून घाम यायचा, हात थरथरायचे, छाती धडधडायची, आणि साखर आण म्हणून ते घर डोक्यावर घ्यायचे. गेल्या वर्षी हे सगळं थांबलं. आजार आटोक्यात आला, असं दोघांनी धरलं.

त्याच सुमारास ते मधूनच मऊ बोलायला लागले. चंद्रव्वा लाजत मला सांगायला आली, "काल ह्यांनी कानडीत इचारलं बग, जेवलीस का म्हणून. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा." वयानं माणूस निवळतो, मी म्हटलं. मलाही बरं वाटलं.

मग एका दुपारी इन्सुलिन घेऊन ते ताटावर बसले आणि म्हणाले, "आधी तू जेव. मी बघत बसतो." नवऱ्याच्या आधी घास घ्यायचा नाही, हे तिला अक्कलकोटला आईनं शिकवलेलं. पण ते हट्टच धरून बसले, तोही गोड. ती जेवली. कडक भाकरी, शेंगाची आमटी, अगदी सावकाश. तिचं ताट संपेतो भिंतीला टेकलेले महादेवप्पा घसरून आडवे झाले होते. तिची किंकाळी ऐकून मी धावले, आणि आम्ही त्यांना रिक्षात घालून दवाखाना गाठला.

शिरेतून साखर दिल्यावर त्यांनी डोळे उघडले. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. शरीरात एक अनुकंपी चेतासंस्था असते. संकट आलं की ती छाती धडधडवते, घाम फोडते, हात थरथरवते, यकृताला साखर सोडायला लावते. पण साखर सारखीच उतरत राहिली की तिची हाकाटी मंदावते. धोका तोच, अंगाला मात्र खबर नाही. मेंदूला साखर पुरत नाही आणि माणूस भलतंच वागतो. कुणी चिडतं, कुणी बरळतं.

"तुमचे गोड बोलतात," डॉक्टर म्हणाले. "तसं बोलले की आधी मशीनवर साखर बघा."

चंद्रव्वाच्या तोंडाकडे मला बघवेना.

इन्सुलिन कमी झालं, जेवणाची वेळ बांधली गेली. साखर उतरू दिली नाही तर ती हाकाटी परत येईल, असं डॉक्टरांचं म्हणणं. तरी मधे काही वेळा महादेवप्पांनी विचारलंच, जेवलीस का. ती मशीन बघायची आणि साखरेचं पाणी पाजायची. थोड्या वेळानं "काय पाजतीस गं मला?" असा आवाज चढला की तिचा जीव भांड्यात पडायचा.

गेल्या महिन्यात घाम परतला. महादेवप्पांना स्वतःला कळलं, त्यांनीच आरडाओरडा करून साखर मागितली. डॉक्टर खूश झाले. मी अभिनंदन करायला गेले, तर चंद्रव्वा तांदूळ निवडत बसलेली.

"जीव वाचला बग त्यांचा," ती म्हणाली. मग हात थांबला. "पर त्यो दुसरा एक हुता न्हवं, मला जेव म्हणणारा. लई चांगला हुता. माज्याच हातानं साखर पाजून पाजून घालवला की मी त्याला."

मला महादेवप्पांचा असा राग आला, की आत जाऊन जाब विचारावा. तेवढ्यात त्यांनीच आतून आवाज दिला, "एऽ, पाणी!"

तिनं पदरानं डोळे पुसले आणि पाणी घेऊन गेली.