ममीच्या कापडावरचं रफू

टीव्हीवर ममी दिसली की आमच्या सासूबाई नाक मुरडायच्या. "मेलेल्या माणसाला उकरून काढतात मेले!" म्हणायच्या, आणि तरी बघत बसायच्या. मनवेलपाड्याच्या आमच्या फ्लॅटात केबल नवीनच आली होती. मला इजिप्तचं भारी वेड, त्यामुळे भाजी निवडता निवडता दुपारचे ते हिंदीतले कार्यक्रम मी हटकून लावायचे.

त्या दुपारी एक संशोधक बाई ममीवरचं कापड चिमट्याने अलगद सोडवत होती. सांगत होती, या पट्ट्या मुद्दाम विणलेल्या नाहीत, घरातल्याच जुन्या चादरी आणि नेसूचे कपडे फाडून केल्यात. मग तिने भिंगाखाली एक जागा दाखवली. कापड विरलं होतं आणि कुणीतरी बारीक टाके घालून रफू केलं होतं. हजारो वर्षांपूर्वीचं रफू, बाई गं!

सासूबाई सरकत सरकत टीव्हीपाशी गेल्या. "म्हणजे वापरातलं चालायचं त्यांना?"

"चालायचं की," मी म्हटलं. त्यावर त्या एकदम रडायलाच लागल्या.

सासरे आदल्या वर्षीच गेले होते. आगाशीच्या वाडीत, केळी आणि पानवेलींत जन्म गेला त्यांचा. कोरं धोतर अंगाला टोचतं म्हणून सासूबाई ते आधी धुऊन, आपटून मऊ करायच्या, मगच ते नेसायचे. आणि शेवटी त्यांना गुंडाळलं ते दुकानातून आणलेल्या, खळीने ताठ झालेल्या कापडात.

"मी तिथंच बसले होते गं. पण बोलणार कशी? म्हणाले असते, डोकं फिरलं हिचं." डोळे पुसून त्यांनी कपाटातून सासऱ्यांचं एक धोतर काढलं. विरलेलं, रफू केलेलं, लोण्यासारखं मऊ. "मला यात गुंडाळ. वरून लोकांसाठी काय घालायचं ते घाला. देतेस शब्द?"

दिला.

काही वर्षांनी त्या गेल्या. आगाशीहून चुलत सासरे कोरं कापड घेऊन आले आणि माझ्या हातातलं धोतर बघून भडकलेच. "वापरलेलं कापड? मयताला? काहीतरीच काय!"

मी रडून रडून आधीच तापलेली. "तुम्हाला नसेल चालत, आईंना चालतं! अहो, इजिप्तमध्ये घरातलंच जुनं कापड गुंडाळायचे. रफू केलेलं! काय माया कमी होती का त्यांना?" घरभर माणसं, नवरा माझा हात दाबतोय, आणि मी आपली इजिप्तवर व्याख्यान देतेय. कुणाची पर्वा केली नाही मी.

काकांनी माझ्या हातातून धोतर घेतलं. रफूवरून अंगठा फिरवला.

"दादाचं?"

"हो. नवं टोचायचं त्यांना. म्हणून आई धुऊन धुऊन मऊ करायच्या."

काखेतलं कोरं कापड काकांनी खाली ठेवलं. सासऱ्यांच्या वेळीही कापड त्यांनीच आणलं होतं.

"सूनबाई," ते अगदी हळू म्हणाले, "दादाला टोचलं असेल का गं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. "नाही हो काका," म्हटलं, आणि धोतराचं एक टोक त्यांच्याच हातात ठेवून दुसरं मी धरलं.