रुखमाचा अंगठा

तळेगावजवळच्या जंगलकाठच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं, कागद दिसला की रुखमा हात पदराखाली घेते. कारणही तसंच होतं. कवडू रांगत होता तेव्हा एका जंगल शिपायानं तिच्या नवऱ्याकडून, जंगलूकडून, सरपणाचा पास म्हणून कागदावर अंगठा घेतला होता. कचेरीत तोच कागद वाचला, तर त्यात साग चोरल्याची कबुली निघाली. जंगलू तुरुंगातून खोकला घेऊनच आला आणि दोन पावसाळ्यांत गेला. रुखमानं डिंक, चारोळी, मोहफुलं वेचून पोराला वाढवलं.

१९५७ साली कवडू आर्वीच्या शाळेतून मॅट्रिक झाला. अण्णाजी गुरुजी फॉर्म घेऊन स्वतः घरी आले.

"रुखमाबाई, पोराच्या कालेजची फी, खानं, राहनं सारं सरकार देते. फक्त तुमचा अंगठा पाहिजे."

"सरकार काऊन देते जी? त्याले काय पाहिजे माह्या पोरापासून?"

"काई नाई पाहिजे."

"ज्याले काई नाई पाहिजे, त्याचाच भेव वाटते गुरुजी."

गुरुजी हात हलवत परत गेले. रुखमा रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला जाऊ लागली. कवडू वर्ध्याच्या कॉलेजात गेला. हाताला घट्टे पडले, तरी पोरगं आपल्या कष्टावर शिकून राह्यलं, या विचारानं तिला रात्री झोप लागायची.

दिवाळीनंतर ती गठुडं घेऊन वर्ध्याला गेली. वसतिगृहातल्या स्वयंपाकीण मंदाबाईनं तिला जेवायला वाढलं आणि सहज म्हणाली, "तुमच्या पोराचं बरं हाये बाई. सरकारच भरते सारं."

रुखमाचा घास हातातच राहिला. कवडू आला, तशी तिनं त्याला कोपऱ्यात घेतलं.

"अंगठा कोनं लावला?"

कवडू खाली बघत म्हणाला, "मीच लावला माय. तुह्या नावानं. तू पाठवलेले सारे पैसे पेटीत ठेवले हाये."

"तुह्या बापाले खोट्या कागदानं खाल्लं, आन् तू सोताच खोटा कागद केला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कवडू जाऊ नको म्हणत रडकुंडीला आला, पण ती थेट कॉलेजच्या ऑफिसात गेली. कारकून लक्ष्मणरावांपुढं उभी राहून म्हणाली, "त्या कागदावरचा अंगठा माहा नाई."

लक्ष्मणरावांनी चष्मा वर केला. ही बाई काय उकळायला आली आहे, असं त्यांना वाटलं. मग प्रकरण कळलं, तसे ते दारात उभ्या कवडूकडं बघत राहिले.

"बाई, हे वर कळवलं तर पोराचं नाव कटते."

"म्हनून तर आली, खरा अंगठा द्याले. पन आदी काय लिवलं हाये, वाचा."

त्यांनी वाचून दाखवलं. तिनं ऑफिसातल्या शिपायालाही वाचायला लावलं. मग व्हरांड्यातून जाणाऱ्या एका अनोळखी मुलीला हाताला धरून आत आणलं. तिघांचं बोलणं जुळलं: शेत लिहून देणं नाही, परतफेड नाही, वेठबिगारी नाही. लक्ष्मणरावांनी जुना फॉर्म फाडला आणि कोरा पुढं केला. ते त्यांच्या नोकरीवरही येऊ शकलं असतं. नवा फॉर्म भरून झाल्यावर रुखमानं तोही पुन्हा वाचून घेतला, तेव्हा कुठं अंगठा टेकवला. बोट पुसताना ती म्हणाली, "तुमचा इसवास आला म्हनून नाई हो साहेब. पोरगं खोटं ठरू नये म्हनून."

गिट्टी मात्र तिनं सोडली नाही. "फी सरकारची असू दे, तुह्यं खानं माह्यं," तिनं कवडूला बजावलं. "एकाच हाताचं खाल्लं, का तो हात नाचवते."

१९६० साली नवं राज्य झालं, कचेऱ्या बदलल्या, कागद कुठंतरी अडकले आणि शिष्यवृत्ती सहा महिने आलीच नाही. वसतिगृहातली चार पोरं घरी गेली. कवडू रुखमाच्या ज्वारीवर आणि तुरीच्या डाळीवर टिकला. पुढं तो बी.ए. झाला, सेलूच्या शाळेत मास्तर लागला.

नेमणुकीचा कागद त्यानं आईला वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतला, घडी घातली आणि शेजारच्या पुनाजीकडं गेली. त्याला चार अक्षरं येत होती.

"वाच बरं," ती म्हणाली. "पोरगं वाचते तसंच हाये का, पाहू दे."