परतीचं तिसरं तिकीट

दिल्ली फेब्रुवारीत बघावी. डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं गाड्या रखडतात, मार्च संपला की ऊन सोसत नाही, आणि दिवाळीच्या सुमाराला हवा इतकी वाईट असते की धडधाकट माणसानंही जाऊ नये. लाल किल्ला सोमवारी बंद. ही सगळी माहिती मी इस्लामपुरात बसून गोळा केली होती. पन्नाशी उलटली तरी मी पुण्याच्या पलीकडे गेले नव्हते. शिरवळ मागं पडलं की घर लांब राहिलं असं वाटायला लागणारी मी बाई.

माझा थोरला भाऊ मात्र तरुणपणीच दिल्लीला गेला, गलाईच्या कामाला. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून, तेजाबात म्हणजे ॲसिडात घालून शुद्ध करायचं. माहेरच्या आमच्या दुष्काळी भागातली घरटी एक-दोन माणसं या कामासाठी देशभर पसरली आहेत. जे दुकानाचे मालक झाले त्यांनी बायकापोरं नेली. जे कामगारच राहिले ते दुकानाच्या माळ्यावर झोपतात आणि त्यांच्या बायका गावाकडं शेरडं राखतात. दादा कामगारच राहिला. तो दिवाळीला आणि जत्रेला यायचा. वहिनींनी दिल्ली पाहिलेली नव्हती.

या दिवाळीला तो आला नाही. फोनवर म्हणाला, “काम लय हाय. औंदा तुमीच या की. किल्ला दाखवतो.”

मी ते खरं धरलं आणि तयारीला लागले. वहिनींना विचारलं, काय काय बघायचंय? त्या म्हणाल्या, “किल्ल्याचं काय नवल वन्सं? आपल्याकडं डोंगर तितकं किल्लं. मला त्यांच्या दुकानाची ती गल्ली दावा. कवाधरनं ऐकतीया.”

मी गल्लीही लिहून घेतली. मग एका सकाळी दुकानाच्या मालकाचा फोन आला. तो आमच्याच गावचा.

“आक्का, फेब्रुवारीचं काय धरून बसलाय? लवकर या. दादांना जिना चढवत न्हाई. माळ्यावरनं खाली मागच्या खोलीत आणलंय. नाकाला मशीन लावलंय.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“तेजाबाच्या धुरानं फुफ्फुसं गेली म्हणत्यात. आता भरून येणार न्हाईत.”

लपवालपवी मला जमत नाही. त्याच दिवशी एसटीनं गावी गेले आणि वहिनींना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या शेरडांना पाला टाकत होत्या. पेंढी संपेपर्यंत त्या टाकतच राहिल्या. मग म्हणाल्या, “फोनवर धाप ऐकू यायची. आत्ताच जिना चढून आलोय म्हणायचं. इतका कसला जिना असतोय?”

किल्ला, मेट्रो सगळं बाजूला पडलं. मी नव्यानं आखणी केली. जाताना आम्ही दोघी, येताना तिघं. जानेवारीची तिकिटं काढली. जायची दोन, यायची तीन. गाव गाठण्याआधी काही दिवस त्याला इस्लामपुरात माझ्याकडे ठेवायचं, म्हणजे दवाखाना जवळ. भाड्यानं ऑक्सिजनचं मशीन देणारा माणूस शोधला. लाईट गेली तर किती वेळ चालणारा इन्व्हर्टर लागेल, तेही विचारून आले. मग दादाला फोन केला.

“तीन काढलीस?” तो म्हणाला. मधे थांबून त्यानं श्वास घेतला. “एक रद्द कर, तायडे.”

“का?”

“गावात लाईट कवा जाती कवा येती. मला काय शेरडागत दावणीला बांधून ठेवणार?”

“आधी माझ्याकडे राहायचंय. इन्व्हर्टर बघितलाय.”

“आनि गाडीत? दोन दिस श्वास कुणाचा घिऊ, तुझा?”

आणि तो स्वतःच हसला. हसण्याचा शेवट खोकल्यात झाला. “अगं, भिऊ नगं. गलाईवाल्याचं काय वाया जात न्हाई. दुकानातली धूळ झाडून आमी चांदी काढतो, जुन्या चटया जाळून सोनं काढतो. माझ्या छातीत बी तोळाभर असंल. राख तेवढी मालकाला दिऊ नका, वैनीला द्या.”

स्वतःच्या बायकोला तो माझ्याशी बोलताना वैनीच म्हणायचा. मी त्याला दटावलं आणि फोन ठेवला. चीड जास्त आली की रडू, ते मला सांगता येणार नाही.

तरी मी तिसरं तिकीट रद्द केलं नाही. रेल्वेत चौकशी केली. ऑक्सिजनचं सिलिंडर न्यायचं तर डॉक्टरांचं पत्र हवं, असं कळलं. मालकाला डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी पत्र दिलं नाही. या माणसाला इतका प्रवास झेपणार नाही, वाटेतच काही झालं तर जबाबदारी कोण घेणार, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. विमानाचंही विचारलं. उत्तर तेच. माझ्याकडे आणखी काही उपाय उरला नाही.

ते सांगायला पुन्हा गावी गेले. गोठ्यात एकही शेरडू नव्हतं.

“विकली?”

“भावजयीला दिली. तिची ती राखंल.” वहिनींनी चहा टाकला. “वन्सं, माझं बी परतीचं रद्द करा.”

“म्हणजे?”

“ते येत न्हाईत तर मी जाते. एवढं अवघड काय हाय त्यात?”

खरंच काही अवघड नव्हतं. दादाला इकडे कसं आणायचं याच्याच मी सगळ्या बाजू तपासल्या होत्या. वहिनी तिकडे राहतील ही बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती. आमच्याकडे बाई घर सोडत नाही, पुरुष परत येतो. मीही तेच धरून चालले होते.

“घराचं काय?”

“कुलूप लावायचं. तिथं पानी कवा येतंय ते इचारा. आनि चूल हाय का गॅस.”

मी तिथूनच फोन लावला. दादा आधी खूप चिडला. ही कामगारांची जागा आहे, संडास बाहेर आहे, तिला झोपायला जागा कुठंय, असं तुटक तुटक बोलला.

“तेच मोज,” मी म्हटलं. “खाट आणि भिंत यांच्यात किती जागा आहे?”

मशीनची घरघर जवळ आली; तो खाटेवरून वाकून बघत असावा.

“दोन फरश्या,” तो म्हणाला. “मशीन सरकवलं तर अडीच. फरशी फूटभराची हाय.” मग श्वास घेऊन, “तिला म्हनावं, गार पडतंय फार. जाड गोधडी आन.”

इस्लामपूरला आल्यावर मी दोन परतीची तिकिटं रद्द केली, माझं तेवढं ठेवलं. मग गादीवाल्याकडे गेले आणि माप सांगितलं. तो म्हणाला, एवढी अरुंद कुणी घेत नाही, मोठ्या माणसाला यावर कूस बदलता येणार नाही. पैसे देण्याआधी विचारलेलं बरं म्हणून मी वहिनींना फोन केला.

“कूस कशाला बदलायची?” त्या म्हणाल्या. “भिंतीकडं काय बघायचंय?”

मी गादी शिवायला टाकली.