साडेतीनचा चहा

उषावहिनींचा फोन आला तेव्हा मी सायकलच्या चाकात हवा भरत होते. शुक्रवारी मला सुट्टी असते आणि मी त्यांच्याकडेच निघाले होते. "हाउसआर्ट्स येऊन तपासून गेला गं... बाजार उघडायच्या आधीच गेले हे," त्या म्हणाल्या. हाउसआर्ट्स म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, हे म्हणजे श्रीधरदादा, आणि बाजार न्यूयॉर्कचा. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. वहिनींचा भाऊ पुण्याहून रोज फोन करतो, एकटी काय करतेस तिथे, ये इकडे. त्याचं चूक नाही. पण त्या गेल्या की आइंडहोवनमधलं माझं माहेर संपलं. स्वार्थी विचार आहे, पण सात आठवडे मनात दुसरं काही नाही.

दादा एक वर्षाच्या कंत्राटावर इथे आले आणि तीस वर्षं राहिले. चिप बनवणाऱ्या यंत्रांमध्ये केसाहूनही कितीतरी बारीक चुका शोधायचं त्यांचं काम, आणि प्रेम मात्र डाऊवर, अमेरिकन बाजाराच्या त्या म्हाताऱ्या निर्देशांकावर. इथे नेदरलँड्समध्ये दुपारी साडेतीन वाजतात तेव्हा तिथला बाजार उघडतो. त्या ठोक्याला आल्याचा चहा समोर हवा. खरेदी-विक्रीचा नाद नव्हता. दर महिन्याला थोडे पैसे फंडात टाकायचे आणि विसरून जायचं. बाकी नुसतं बघायचं, लोक क्रिकेट बघतात तसं. वहिनी डाऊला 'माझी सवत' म्हणायच्या. मी इथे राहायला आले त्या पहिल्याच वर्षी मार्चमध्ये चहाला म्हणून बरोब्बर साडेतीनला पोचले, तर कप विसळून पालथे घातलेले. "अमेरिकेचं घड्याळ आपल्या आधी पुढे जातं, हे दोन-तीन आठवडे बाजार अडीचला उघडतो," दादा म्हणाले. "इंजिनियर ना तू?" त्या आठवड्यांत त्यांचं जेवण, वामकुक्षी, सगळंच तासभर अलीकडे यायचं.

महासाथीच्या मार्चमध्ये बाजार धडाधड कोसळला, तेव्हा मी त्यांचं बघून घेतलेले माझे सगळे फंड विकून टाकायचं ठरवून त्यांच्या बागेत जाऊन बसले होते, दीड मीटर लांब, खुर्चीवर. रडकुंडीला आले होते. दादांनी एक जुनी वही पुढे सरकवली. "वाच. मोठ्यानं." डाऊ सुरू झाला तेव्हाच्या बारा कंपन्या होत्या त्यात... साखर, तंबाखू, चामडं, रबर, शिसं, गॅस, कापसाच्या बियांचं तेल. "यातली आज डाऊमध्ये कोण आहे?" कोणीच नाही. "आणि डाऊ?" आहे. "एकोणतीसला पडला तो पुन्हा त्याच जागी यायला पंचवीस वर्षं लागली. म्हणून खोटा धीर देत नाही. पण आज घाबरून काही करू नकोस. चहा घे." मी विकलं नाही. पुढे बाजार वर आला हे खरं, पण मला आठवतो तो त्यांचा आवाज.

डाऊचे दोषही त्यांना तोंडपाठ होते. "ज्याचा एक शेअर महाग त्याचा आवाज मोठा, कंपनी केवढी ते कोणी विचारत नाही. हा काय हिशेब झाला?" मग इतकं प्रेम का, असं मी एकदा विचारलं. "घरातल्या म्हाताऱ्याचा मान ठेवतो आपण, त्याचं सगळं पटतं म्हणून थोडाच?" इतका सरळ, इतका मिस्कील माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परवाच्या शुक्रवारी मी नेहमीसारखी साडेतीनला बेल वाजवली. वहिनी भावाला काय उत्तर देणार ते विचारायचंच, असं ठरवून गेले होते. दार उघडलं. ओट्याशेजारी दोन कप विसळून पालथे घातलेले होते. दोन... टेबलावर दादांचा लॅपटॉप उघडा होता आणि डाऊची हिरवी रेघ हळूहळू पुढे सरकत होती.

"चहा झाला की," वहिनी म्हणाल्या. "अडीचला. घड्याळ बदललंय तिकडचं, विसरलीस ना यंदाही?"

त्यांनी आल्याचा तुकडा घेतला, पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं.

"भावाला नाही म्हणून कळवलंय," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "सवतीला एकटीला टाकून कशी जाऊ गं?"