रिकामं झालेलं नाव

स्त्री-अभ्यासाचा वर्ग मी पूर्ण केला तो सूड घेण्यासाठी. प्रवेश मात्र त्यासाठी घेतला नव्हता. भंडाऱ्यात माझं पितळी भांड्यांचं दुकान आहे. पाणी भरायच्या गुंडांवर, ताटांवर मशीननं नावं टाकून देण्याचं काम मी स्वतःच करतो. एका कार्यक्रमासाठी कॉलेजात समया पोचवायला गेलो, तेव्हा शनिवार-रविवारच्या या वर्गाची पाटी दिसली. मुलगी नागपूरला शिकायला गेल्यापासून घर सुनं झालं होतं. नाव नोंदवून टाकलं.

वर्गात सगळ्या माझ्या मुलीच्या वयाच्या पोरी. मला काका म्हणायच्या आणि चहा आणायला मलाच पिटाळायच्या. "काका, समानता सुरू झाली, उठा!"

सुरुवातीलाच मॅडमनी एक काम दिलं. घरातल्या लग्न झालेल्या बाईला विचारायचं, माहेरचं नाव काय, ते का बदललं, नवं कोणी ठेवलं.

उत्तर मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं. बायकोचं माहेरचं नाव आणि माझ्या मोठ्या आईचं, म्हणजे थोरल्या चुलतीचं नाव एकच. एका घरात दोघी एकाच नावाच्या नकोत. धाकटीवर ओरडायचं झालं तर नाव थोरलीचं घेतलं जातं, म्हणून सुनेचं नाव बदलायचं, ही आमच्याकडची रीत. माझे वडील लवकर गेले. त्यांचे थोरले भाऊ, मोठे बाबा, आसगावला शेती सांभाळायचे आणि आमच्या घरातही शब्द त्यांचाच चालायचा. लग्नानंतर आसगावच्या घरी ताटात तांदूळ पसरले होते. मोठ्या बाबांनी नवं नाव माझ्या कानात सांगितलं. मी ते अंगठीनं तांदळात लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठे बाबा जरा जास्तच हसले, एवढंच मला आठवत होतं.

बायको वांगी चिरत होती. मी प्रश्न विचारला तशी तिची विळी थांबली.

"तुमाले खरंच मालूम नाही?"

"काय?"

"मोठ्या बाबायची गाय मेली होती त्या साली. तिचं नाव रिकामं झालं होतं."

मी हसलो. ती हसली नाही.

"पहिल्या साली धानाच्या रोवण्याले गेली मी. बाया मले हाक मारत अन् खिदळत. एकीनं त गाईले टाकतेत तशी पुढ्यात तणसाची पेंडी टाकली."

"तू बोलली का नाहीस मला?"

"कोनाले बोलू? लिवलं त तुमीच होतं."

त्या दिवसापासून वर्गातला माझा रस बदलला. पोरी वाद घालायच्या, टिपणं काढायच्या. मी तिथला प्रत्येक शब्द पारखून घ्यायचो, मोठ्या बाबांना, त्या म्हाताऱ्याला, नेमका कोणता लागेल म्हणून. लोक त्याला अजून पंगतीत पहिल्या पाटावर बसवत होते. तोंड सोडून भांडलो असतो तर मीच उद्धट ठरलो असतो. मला तो त्याच्याच तोंडून उघडा पडायला हवा होता, लोकांसमोर.

मॅडम क्षेत्रभेटीसाठी गाव शोधत होत्या. मी आसगाव सुचवलं. हेतू त्यांना सांगितला नाही. बायकोलाही फक्त एवढंच म्हणालो, चल, पोरींच्या चहाचं बघ.

मोठ्या बाबांनी घरापुढच्या सपरीत खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. पोरींनी पाया पडून घेतलं. ते खुशीत आले.

"का बे, या वयात पोरीयसंगं काय शिकून राहिला?" मला म्हणाले.

"तुमच्याबद्दलच शिकून राहिलो," मी म्हणालो. ते हसले.

मी आधी पढवून ठेवलेल्या पोरीनं विचारलं, "आजोबा, सुनेचं नाव तुम्ही ठेवलं म्हणे?"

"मंग! माह्या गाईचं नाव हाय ते. गाय गेली, सून आली. नाव वाया कायले जाऊ द्याचं?"

कोणीच हसलं नाही. एका पोरीचा मोबाईल सगळं टिपत होता. मॅडमची मान खाली गेली. माझ्या छातीत असा आनंद उसळला की लग्नाच्या दिवशीही तसा झाला नसेल. मग दारात बघितलं. चहाचा ट्रे घेऊन बायको उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्या सुडासाठी तिला पुन्हा एकदा गाय व्हावं लागलं होतं, आणि हे माझ्या हिशेबात कुठेच नव्हतं.

"काकू, तुमचं माहेरचं नाव?" कोणीतरी हळूच विचारलं.

तिनं ट्रे खाली ठेवला. मोठ्या बाबांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. आणि शेताच्या धुऱ्यावरून हाक मारावी तसं आपलं नाव घेतलं, खणखणीत.

आतून आवाज आला, "ओ!"

मोठी आई पदराला हात पुसत बाहेर आली. "हे नाव घेणारं कोन जितं हाय व अजून?" मोठ्या बाबांनी तिला जन्मभर "आयकलं का" एवढीच हाक मारली होती.

"तुले नाही. आत जाय," ते म्हणाले.

"नाव त माहंच हाय." ती रिकाम्या खुर्चीत बसली. "इचारा व पोरीहो. मले बी इचारा."

"पानी आन आधी."

ती उठली नाही. बायको तिच्या खुर्चीमागे उभी राहिली. मोठ्या बाबांनी पुन्हा पाणी मागितलं. रांजणाच्या सगळ्यात जवळ मी होतो. मीही उठलो नाही. शेवटी ते स्वतः उठले. रांजणातून पाणी घेताना अर्धा पेला धोतरावर सांडला. मी ते डोळे भरून बघितलं. आजही आठवलं की मला बरं वाटतं. याची लाज वाटायला हवी, हे कळतं. वाटत नाही.

परतताना एसटीत बायको पोरींजवळ बसली. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "त्यायचं झालं. तुमचं बाकी हाय. मले पुसलं असतं त मी आलीच असती."

दुसऱ्या दिवशी मी दुकानातला सगळ्यात चांगला गुंड काढला, त्याच्यावर तिचं माहेरचं नाव टाकलं आणि घरी नेऊन तिच्यापुढे ठेवला. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं.

"भांड्यावर कायले? तोंडानं घ्या."

तेव्हापासून ती तांदळात लिहिलेल्या नावाला ओ देत नाही. माझी जीभ मात्र अजून तिकडेच वळते. परवा गॅसवर दूध उतू जाऊन राहिलं होतं. मी दाढी करत होतो, ओरडलो ते त्याच नावानं. ती गॅसपाशीच बसली होती. तिनं आधी दुधाकडे बघितलं, मग माझ्याकडे. उठली नाही.

फेस लावलेल्या तोंडानं मीच धावलो.