अकोल्याचा गोरा अरब

आमची मोर्शीची संत्री अकोल्याच्या बाजारात विकणारा माझा दोस्त स्वतःला अरब म्हणवतो. त्याचा खापरपणजा म्हणे अरबस्तानातून निजामाच्या फौजेत आला होता. बाजारात यावरून सगळे त्याला चिडवतात, मीही त्यात मागे नसतो. पण त्याला ते लागतं. एकदा तरी कुठल्या का होईना कागदावर आपण अरब आहोत हे लिहून यावं, एवढीच त्याची हौस.

मागच्या वर्षी त्याच्या पाठीवर गळू झालं, म्हणून त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि मी त्याला अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथला कॉम्प्युटरचा फॉर्म परदेशी, वरवर मराठी केलेला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "वंश?"

वहिनी पुढे होऊन म्हणाल्या, "दोन पोरी, एक पोरगा."

मुलगी म्हणाली, तसं नाही, गोरे, काळे, आशियाई असं विचारतंय, आणि ते भरल्याशिवाय नंबर लागत नाही. दोस्ताची मान ताठ झाली.

"लिवा, अरब."

मुलीनं यादी खालीवर केली. अरब नव्हताच. मग खालची बारीक अक्षरं वाचून ती चाचरत म्हणाली, अरब असाल तर 'गोरे' निवडा असं लिहिलंय. उन्हातान्हात तव्यासारख्या झालेल्या माझ्या दोस्ताकडे सगळ्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. वहिनी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. मलाही फार आनंद झाला, खोटं कशाला सांगू? आशियाई म्हणून सुटता आलं असतं, पण अरबपण सोडायची त्याची तयारी नव्हती. झाला गोरा.

थोड्या वेळानं आतून कंपाउंडरनं पुकारलं, "गोरेकाका कोन हाये?" दोस्त जागचा हलेना. शेवटी मीच त्याला कोपरानं ढोसलं.

गळू फोडलं तेव्हा बंद दारातून आवाज आला, "माय वं! मेलो नं बाप्पा!"

पट्टी बांधून तो बाहेर आला आणि ओशाळून माझ्या शेजारी बसला.

"लय बोंबललो काय बे मी?"

"हो."

"कोन्त्या भाषेत?"

चिडवायला याहून चांगली संधी मिळणार नव्हती. पण त्याचा चेहरा बघून मला कसंतरीच झालं.

"अरबीत," मी म्हणालो.



"मले कुठी येते बे अरबी," तो म्हणाला.