मीनलताईंनी साहेबांना विचारलं

मंडळी, आज दुपारी मीटिंगमध्ये जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी धायरीला राहते, एका सरकारी दवाखान्यात नर्स आहे. आज दवाखान्याच्या साहेबांनी आम्हा सगळ्यांच्या फोनवर नवं सरकारी अ‍ॅप टाकायला लावलं आणि म्हणाले, "यापुढे पेशंटशी चॅटिंगसुद्धा यावरच करायचं."

आमच्या समुपदेशक मीनलताई उभ्या राहिल्या. एरवी मीटिंगमध्ये त्या फारशा बोलत नाहीत.

"सर, बायका मला जे लिहितील ते आणखी कोणाला वाचता येईल?"

"ऑफिसला दिसणारच. लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

"माझं काहीच नाही. पण नवऱ्याचा मार खाणारी बाई आधी मला लिहिते. आत्ता ज्या अ‍ॅपवर लिहिते, तिथलं आम्हा दोघींशिवाय कोणी वाचू शकत नाही, म्हणून लिहिते. उद्या तिचा दीर आपल्याच ऑफिसात असला तर?"

मग मीही उभी राहिले आणि म्हणाले, "मलाही बायका असंच विश्वासानं लिहितात." माझ्या मागून आणखी दोघी उठल्या.

साहेब विचारात पडले. शेवटी म्हणाले, "बरं. ऑफिसचे निरोप अ‍ॅपवर पाठवा. बायकांशी बोलणं आहे तिथंच राहू द्या. वर काय सांगायचं ते मी बघतो."

बाहेर आल्यावर मला मीनलताईंचा फार अभिमान वाटला, आणि खरं सांगू, थोडा स्वतःचाही.

तुमच्या ऑफिसात असं अ‍ॅप आलंय का? त्यावरचं कोण वाचतं, हे विचारायला तुमच्याकडे कोण उभं राहिलं?